बागेला निघालेली बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे, असं सगळे म्हणतात. आधी माझी चाकं बघा, मग बोला. कालपर्यंत फाटकाबाहेर गेलीच नाहीत, तर झिजणार कुठून?

कारखान्यात दिगंबर नावाच्या कारागिराने मला जोडलं. ढकलून बघत म्हणाला, "ही बागेत पळेल." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

हडपसरला नम्रताताईंच्या घरी आले, तेव्हा त्यांची संस्कृती सहा महिन्यांची होती. माझं कौतुक झालं, फोटो निघाले. येत्या रविवारी इंग्रजांच्या काळातल्या त्या मोठ्या बागेत जायचं ठरलं. रिक्षाने वीस मिनिटं. दर रविवारी मला पुसायचे, भरायचे: गरम पाणी, टोपी, स्वेटर, मच्छरदाणी. मग ताई फोनवर लोकांची मतं वाचायच्या.

"अहो, एकीने लिहिलंय फार गर्दी, आणि खाली एकाने लिहिलंय फार सामसूम."

"म्हणजे बेताची असेल," ताईंचे यजमान रणजितदादा म्हणायचे.

"सकाळी गवतात दव, दुपारी ऊन, चारनंतर डास. पुढच्या रविवारी बघू."

की मी परत बाल्कनीत. माझ्यावर आधी कपडे वाळले, मग माझ्यात कांदे आले.

परवा ठरलं, सोमवारी मला खालच्या मजल्यावरच्या साईनाथकडे द्यायचं. त्यांच्याकडे बाळ येणार आहे. म्हणजे कालचा रविवार माझा शेवटचा. मला भरलं. ताईंनी फोन उघडला. संपलं, म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई सरुबाई संस्कृतीचा हात धरून दारात उभ्या. "फोनला इचारून झालं आसंल तर चपला घाल. ह्या रणजितला म्या कडंवर घिऊन त्याच बागंत न्यायची. जित्ता हाय न्हवं?"

"अहो आई, पण तिथं..."

आई जिना उतरल्यासुद्धा!

आणि बाग आली. केवढाले जुने वृक्ष, केवढी सावली! पण संस्कृती माझ्यात बसेना. अडीच वर्षांची झाली होती ना! तिने माझा दांडा धरला आणि मला ढकलत गवतात सुटली. मागून ताई, "अगं, पायाखाली बघ!"

दिगंबरचा शब्द खरा ठरला. मी बागेत पळाले. फक्त माझ्यात बसली होती मच्छरदाणी.

मित्रांनो, साईनाथला एवढंच सांगा. मला पुसलं नाही तरी चालेल, पण वेळेवर बाहेर काढ. बाळं रविवारची वाट बघत थांबत नाहीत.