मालिवानच्या हातची कोय

लिंबाचा रस पडला की कच्च्या माशाचा रंग बदलतो. बारीक कोचलेले मांस आधी काचेसारखे असते, किंचित गुलाबी, आरपार दिसणारे. रस पडला की ते कडेकडून पांढरे होत जाते आणि थोड्या वेळाने शिजल्यासारखे दिसू लागते. नुसते दिसू लागते. त्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारी, कवचात गुंडाळून बसलेली कृमीची पिल्ले जिवंतच असतात. लिंबाने त्यांचे काही बिघडत नाही, मिरचीने नाही, वरून प्यालेल्या तांदळाच्या दारूनेही नाही.

मालिवान हा रंग आयुष्यभर बदलताना पाहत आली होती. ची नावाच्या नदीकाठच्या त्या गावात कोय, म्हणजे कच्च्या माशाची कोशिंबीर, करावी ती मालिवाननेच, असे सगळे मानत. बारके चंदेरी मासे काट्यांसकट कोचायचे, लिंबू पिळायचे, त्यात भाजलेल्या तांदळाची भरड, मिरची, पुदिना आणि मूठभर लाल मुंग्या घालायच्या. चुलीशी संबंध नाही. चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून पुरुष खायचे आणि म्हणायचे, हात असावा तर असा.

त्या दिवशीही सकाळी दीर थोंगला तळ्यावरून बादली घेऊन आला. भाताची कापणी चालू होती. खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत, बांबूच्या माचीवर तिचा नवरा खामसिंग पडला होता. इस्पितळाने त्याला घरी पाठवले होते. पित्ताच्या नळीत गाठ होती आणि ती काढण्याची वेळ निघून गेली होती. पोट फुगले होते, हातापायांच्या काटक्या झाल्या होत्या, डोळे हळदीसारखे पिवळे. दाणे काढलेले मक्याचे बुरकुंड घेऊन तो तळहात खाजवत होता. खाज आधी तळहातांना सुटली होती, मग सगळ्या अंगाला.

"वहिनी, बघ कशी चमचमतायत," थोंगला म्हणाला. "तळ्यानं आज दादासाठी हात सैल सोडलाय."

"त्यांना पाणी पचत नाही, भावजी."

"पाणी नाही पचणार. कोय पचेल. तुझ्या हातची कोय म्हणजे औषध आहे."

"औषधानंच ही दशा झालीये," मालिवान पुटपुटली. थोंगलाने ऐकले नाही, किंवा ऐकल्याचे दाखवले नाही.

खामसिंग हसला. हसताना त्याला धाप लागली. "मालिवान, माझ्या मयतीला कोय कमी पडू देऊ नकोस हां. नाहीतर गाव म्हणेल, खामसिंगच्या दारात उकडलेला मासा वाढला, दवाखान्यातल्यासारखा."

"असलं काय बोलता."

"शब्द दे. थोंगला आहे साक्षीला."

मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून नाही कसे म्हणायचे? "दिला," ती म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

तसे तिला माहीत नव्हते असे नाही. सायान, तिचा मुलगा, शाळेत जात होता तेव्हाच आरोग्य केंद्रातल्या नर्सने बायकांना गोळा करून काचेच्या बाटलीतला कृमी दाखवला होता. पानासारखा चपटा, भाताच्या दाण्याएवढा. हा माशातून पोटात जातो, पित्ताच्या नळीत घर करतो, वर्षानुवर्षे ती नळी कुरतडतो, नर्स म्हणाली होती. मासा खा, पण शिजवून खा. एवढेच.

नर्सचे ऐकून आली त्याच संध्याकाळी मालिवानने मासे रश्श्यात शिजवले. चार पाहुणे जेवायला होते. खामसिंगने वाडगा दूर सारला. "आमच्या घरात कोण बाळंत झालंय?" पाहुणे हसले. मालिवानने वाडगा परत आत नेला. कापणी झाली की सांगू, तिने ठरवले. मग सायानचे लग्न होऊ दे, मग सांगू. मग सांगायला तिच्याकडे शब्द होते पण ऐकणारा पिवळा पडला होता.

पुढे केंद्रात कृमीवरच्या गोळ्या मिळू लागल्या. चांगल्या होत्या त्या. पण गावाने त्यांचा भलताच अर्थ लावला. आज कोय खा, उद्या गोळी घे, हिशेब चुकता. सायान तर गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचा. नर्स सांगून थकली, की गोळी कृमी मारते, त्याने केलेली जखम पुसत नाही, आणि पुन्हा खाल्लेत की पुन्हा कृमी, पुन्हा जखम. नर्स दूरच्या शहरातली. तिला कोयची चव काय ठाऊक, म्हणून पुरुष तिची नक्कल करायचे.

आणि माणसे जात राहिली. चाळिशीतली, पन्नाशीतली, कमावती. लोक म्हणत, कर्म. ज्या कोयने नेले तीच त्यांच्या मयतीला पानात वाढत.

कापणी संपली त्याच आठवड्यात खामसिंग गेला.

शवपेटी वरच्या खोलीत होती. भिक्खूंचे पठण आटोपले होते. दुपारच्या उन्हात अंगणात चटया पसरल्या होत्या, मोठ्या हंड्यात भाज्यांचे पाणी खळखळत होते. आत मालिवानने मासे कोचून परातीत ओढले होते. शेजारच्या येन मावशी लिंबे पिळत होत्या.

"रड की जरा," मावशी हळूच म्हणाल्या. "नाहीतर बायका म्हणतील, मेल्याची कटकट गेली म्हणून हिला बरं वाटतंय."

"नंतर रडेन, मावशी. आधी हे होऊ दे."

सायान थाळ्या न्यायला आला आणि दारात थांबला. थांबल्या थांबल्या त्याने तळहात दाराच्या चौकटीवर घासला. एकदा. मग दुसरा तळहात.

मालिवानचा हात परातीत तसाच राहिला.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. भाताच्या पेंढ्यांची खाज."

"कापणी संपली, सायान."

"मग राहिली असेल थोडी."

"इकडे उजेडात ये. डोळे दाखव."

तो हसला. बापासारखाच. "आई, काल गोळी घेतलीये. आज बाबांच्या नावानं खाणार, उद्या पुन्हा घेणार. तू घाबरतेस कशाला?"

तिने त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवले. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा होता का? होता, असे तिला वाटले. मग वाटले, नव्हता. ऊन पिवळे होते, भिंत पिवळी होती. परातीतल्या मांसाचा रंग ती पुरता ओळखत होती. पोटच्या पोराच्या डोळ्यांचा रंग तिला ठरवता येईना.

बाहेरून थोंगलाचा आवाज आला. "वहिनी, माणसं दाराकडे बघून बसलीयेत. दादाला दिलेला शब्द आठवतोय ना?"

परातीत मांस कडेकडून पांढरे होऊ लागले होते. मालिवानने परात उचलली, सायानला बाजूला सारले आणि ती अंगणात आली. पुरुषांनी सरसावून भाताच्या टोपल्यांची झाकणे काढली. ती त्यांच्यामधून चालत हंड्यापाशी गेली आणि सगळी परात उकळत्या पाण्यात उपडी केली.

वाफ वर आली, पुदिन्याचा वास आला.

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडलास, वहिनी," थोंगला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "तो अजून वर आहे. घरातच आहे."

"मोडला, भावजी. ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं." तिचे हात माशाने बरबटले होते, ते तिने पुसले नाहीत. "सायान, चिता विझली की तू माझ्याबरोबर मोठ्या इस्पितळात यायचंस. गोळी खिशात ठेव नाहीतर फेकून दे, पण यायचंस. आणि आजपासून या घरात मासा शिजेल. कच्चा मासा माझ्या हातून कुणाच्या पानात पडणार नाही."