माईची प्रयोगशाळा

फ्लॅटमध्ये तिघी राहायच्या. सगळ्यात मोठीला माई म्हणत, कारण घरात कोणी उपाशी राहिलं की तिलाच घास गोड लागत नसे. वय अवघं एकोणतीस. रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला चार वर्षांपूर्वी आलेली. दुसरी फार्मसीवाली, सकाळी सातलाच कामावर पळायची. आणि आठवड्यापूर्वी दोन बॅगा ओढत आली ती धाकटी. तिचे आणि माईचे वडील एकाच शाळेत शिकवायचे. त्या ओळखीच्या भरवशावरच धाकटीला एवढ्या लांब परदेशात धाडलं होतं. "माई आहे ना तिथे," म्हटलं की धाकटीच्या आईची निम्मी काळजी मिटायची.

कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस होते. माईने तिला शहर दाखवायचा विडाच उचलला. कुठल्या पुलावरून गेलं की वारा कमी लागतो, कुठलं संग्रहालय बुधवारी फुकट, कुठल्या वाचनालयात दिवसभर बसलं तरी कोणी हटकत नाही, सगळं तिला तोंडपाठ. मोठ्या स्टेशनाच्या उबदार प्रतीक्षालयात नेऊन म्हणाली, "या बाकांना मधे दांडे नाहीत. पाठ भरून आली तर आडवं होता येतं."

धाकटीला हसू आलं. "तुला एवढं कसं गं माहीत?"

"चार वर्षं काय झोपा काढल्या इथे?" माई म्हणाली.

"आणि तुझी लॅब कधी दाखवणार?"

"तिथे काय बघायचंय? नुसता वास. बाहेरच्यांना सोडतही नाहीत."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी माई नेहमीसारखी आठला बाहेर पडली आणि डबा ओट्यावरच राहिला. धाकटीला त्याच आवारात जायचं होतं. तिने डबा पिशवीत टाकला, दुपारी विचारत विचारत रसायनशास्त्राची इमारत गाठली. खिडकीपाशी बसलेल्या कारकून बाईंनी नाव दोनदा विचारलं, संगणकात पाहिलं, आणि हळू आवाजात सांगितलं की या मुलीचा प्रवेश रद्द होऊन चौदा महिने झाले.

धाकटी डबा तसाच घेऊन घरी आली. फार्मसीवालीची त्या दिवशी सुट्टी होती. ती भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकलं, पण सुरी थांबवली नाही.

"तुला माहीत होतं?"

"संशय होता. तिच्या कपड्यांना कधी कसला वासच यायचा नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर पुढचं निस्तरावं लागलं असतं. माझंच मला होत नाही."

धाकटी तशीच स्टेशनावर गेली. माई प्रतीक्षालयात भिंतीकडे तोंड करून बसली होती, मांडीवर वही. डबा पाहिला आणि तिला कळलं. तिने डबा उघडला, खायला लागली. खाता खाताच सांगितलं. मार्गदर्शक सर गेले, नव्यांनी तिचं काम मोडीत काढलं. परीक्षा पुन्हा दिली, तीही गेली. घरी कळवायचं ते आज नको, उद्या सांगू, असं करत वर्ष उलटलं. राहायचा परवाना महिनाअखेरीला संपत होता.

"बाबांना यातलं काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "शाळेत अजून सगळ्यांना सांगतात, मुलगी डॉक्टर होणार. तू बोलू नकोस. मी माझी बघते काय ते."

धाकटीने शब्द दिला.

तो तिला चार दिवसही पेलला नाही. रविवारी आईने फोनवर सहज विचारलं, "माई बरी आहे ना?" आणि धाकटीला रडूच फुटलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "आई, कोणाला सांगू नकोस." आई म्हणाली, "वेडी आहेस का, मी कशाला सांगते." पण आईलाही राहवलं नाही. पोरीने जिवाचं काही करून घेतलं तर, या धास्तीने तिने माईच्या घरी जाऊन सांगितलं.

मंगळवारी सकाळी माईच्या भावाचा फोन आला. माईने उभ्यानेच ऐकला. मधे एकदा "हो" म्हणाली, एकदा "तिकीट पाठव" म्हणाली. फोन ठेवून कपाटातले कपडे काढू लागली.

"माई, मला भीती वाटली गं," धाकटी दारातून म्हणाली.

"मलाही वाटत होती. चौदा महिने." माईने घडी घातली. "बाबांनी शाळेत जायचं बंद केलंय."

त्यानंतर ती धाकटीशी बोलली नाही. विमानतळावर फार्मसीवाली गेली.

माईच्या खोलीत महिनाभरात दुसरी मुलगी आली. धाकटीचे वर्ग सुरळीत चालले. माई घराबाहेर पडत नाही, कोणी आलं की आतल्या खोलीत जाते, एवढं आईकडून कळलं. तेवढं सांगून झाल्यावर आई जरा घुटमळली.

"तू जातेस ना गं रोज कॉलेजात?"

"जाते की."

"तसं नाही... बाबा म्हणत होते, हजेरीचा काही कागद मिळत असेल तर पाठव."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर धाकटी कार्यालयापुढच्या रांगेत उभी राहिली.