पर्समध्ये मावणारा कॅमेरा

एकोडीच्या शाळेत शिकवणाऱ्या खुशबूला रोज जवळ बाळगता येईल असा कॅमेरा हवा होता. मावसभाऊ जीवनचा साकोलीत फोटो स्टुडिओ होता. तोच तिला नागपूरच्या दुकानात घेऊन गेला. तिथे तिने पर्समध्ये डबा, बाटली तशीच ठेवून एकेक कॅमेरा घालून पाहिला. पहिल्याने चेन लागेना. दुसरा मावला, पण खांदा ओढू लागला. तिसरा साबणाच्या वडीएवढा.

"हाच घे," जीवन म्हणाला. "मोठा घेशीन त घरीच ठेवशीन."

श्रावण लागता लागता, शाळेतून परतताना डोमा म्हाताऱ्याने तिला बांधावरून हाक मारली. त्याच्या धानाच्या बांधीत सारसांच्या जोडीने घरटं केलं होतं. दोन अंडी होती.

"तुमचा कॅमेरा लहानसा हाये, बाई. पाखरू बुजनार नाही. काढा फोटो. पन कोनाले सांगू नोका."

"नाही सांगत, बाबा."

तिने लांबूनच चार फोटो काढले. पाखरं हललीही नाहीत. तो आनंद तिच्या पोटात मावेना. जीवन घरचाच, म्हणून त्याला दाखवले. "कोनाची बांधी?" त्याने सहज विचारलं. तिनेही सहज सांगितलं.

रविवारी बांधावर चार गाड्या उभ्या होत्या. हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली माणसं चिखलात उतरली होती, आणि सगळ्यांच्या पुढे जीवन वाट दाखवत होता. सारसांची जोडी ओरडत वर घिरट्या घालत होती.

"काहून आणलंस यांना?"

"मोठे लोकं हायेत, ओळख वाढते. आन् तुया कॅमेऱ्यात अंडे कुठी नीट दिसत होते?"

"तू मला विचारलंस तरी का?"

"पाखरायसाठी भावासंग भांडतं का?" तो हसला.

जोडी परतलीच नाही. चौथ्या दिवशी कावळ्यांनी अंडी फोडली.

खुशबू डोमाकडे गेली. जीवनचं नाव घेणं सोपं होतं. तिने घेतलं नाही. "बाबा, मीच सांगितलं होतं."

डोमा निंदण करत राहिला. मग उपटलेलं तण बांधावर टाकत म्हणाला, "मी त आपल्या पोरालेबी सांगलो नव्हतो, बाई."

राखीला जीवन नेहमीसारखा आला, पाटावर बसला, हात पुढे केला. खुशबूने पाण्याचा गिलास त्याच्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. त्याचा हात तसाच पुढे राहिला.