टेबलाच्या पायाखालचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि गेली चार वर्षं एका भाषांतर कचेरीत टेबलाच्या तोकड्या पायाखाली पडून आहे. हसू नका. मला रचायला सहा विद्वान आणि अकरा वर्षं लागली. टेम्पररी, ट्रान्झिएंट, फ्लीटिंग, एफेमरल, अशा न टिकणाऱ्या गोष्टींच्या एकेका शब्दावरून ते हमरीतुमरीवर आले, पण प्रत्येकाला त्यांनी स्वतःचा अर्थ दिला.

आणि इथले मुख्य भाषांतरकार भाऊसाहेब? काम झटपट उरकावं म्हणून त्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवलाय. त्यात या चारही शब्दांपुढे एकच शब्द आहे, तात्पुरता. पहाटेचं दव तात्पुरतं, मनात चमकून गेलेला विचार तात्पुरता आणि दोन वर्षांची नोकरीही तात्पुरतीच. अक्कल गहाण टाकली की काम खरंच झटपट होतं. तक्ता आला त्याच दिवशी टेबल डुगडुगलं. "तात्पुरतं ठेवतोय," म्हणत त्यांनी मला खाली सरकवलं.

गेल्या आठवड्यात कपड्यांच्या कारखान्यातली एक शिवणकाम करणारी बाई डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी मुकादमासाठी मराठीत करून घ्यायला आली. चिठ्ठीत एकच ओळ होती, उजव्या हाताला ट्रान्झिएंट अशक्तपणा. भाऊसाहेबांनी तक्ता पाहिला आणि 'तात्पुरता अशक्तपणा' असं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली. "अहो, माझा हात दहा मिनिटांत ठीक झाला होता," ती म्हणाली. "मुकादम म्हणतो, अशक्तपणा गेला की या. शनिवारपर्यंत आले नाही तर माझं मशीन दुसरीला देणार. काय लिहिलंत तुम्ही?"

भाऊसाहेबांनी तक्त्याकडे बोट दाखवलं.

"तक्ता नको. पुस्तकात दाखवा."

पुस्तकाची कचेरीभर शोधाशोध झाली. शेवटी बाईलाच मी दिसलो. तिने मला ओढून काढलं, टेबल कललं आणि भाऊसाहेबांचा चहा त्यांच्याच कागदांवर सांडला. मला आनंद झाला, लपवत कशाला?

भाऊसाहेबांनी चाचपडत पानं काढून दिली. बाईने मराठी अर्थावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. टेम्पररी, काही काळापुरता, तो काळ सरेपर्यंत राहणारा. ट्रान्झिएंट, येऊन थोड्याच वेळात आपोआप निघून जाणारा.

"माझा येऊन गेला," ती म्हणाली. "तुम्ही तो हातावर बसवून ठेवलात."

भाऊसाहेबांनी मान खाली घालून नवा कागद लिहिला, 'अशक्तपणा आला होता, थोड्याच वेळात आपोआप गेला.' बाईने रुमालाने माझी धूळ पुसली, मला टेबलावर ठेवलं आणि ती निघाली. शुक्रवारी मशीनवर बसल्याचं तिने फोन करून कळवलं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला पुसा आणि उघडा. ज्यांच्या हातात कागद पडतो, त्यांचं पोट त्या कागदावर असतं. भाऊसाहेबांना हे सांगून उपयोग नाही. तक्ता अजून भिंतीवर आहे. बाई जिना उतरली तोच टेबल पुन्हा डुगडुगलं, आणि त्यांनी मला उचललं.

"तात्पुरतं ठेवतोय," ते म्हणाले.

त्या शब्दाचा अर्थ माझ्यातच छापलेला आहे. वाचायचा असेल, तर आधी टेबल उचलावं लागेल.