पडेल ती बाद

फुगडी फिरताना मान मागे टाकायची. सगळं वजन समोरच्या मुलीच्या हातात द्यायचं.

मिठागरात राबणाऱ्या बाईच्या टाचांच्या भेगा पावसाळ्यातही भरत नाहीत.

महिला मंडळाच्या दिवाणखान्यात नवी शहाबादी फरशी. पाय घसरत नाही, पण लागतं फार.

“सुकट आली गं, नाकं धरा!”

*

१९५३, श्रावण, ठाणे. मंडळाने मुलींसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. लेझीम, झिम्मा, फुगड्या. पुढे गौरीला कार्यक्रम. शिकवायला प्रमोदिनीबाई. मुली बहुतेक आसपासच्या आळ्यांतल्या. एकटी सगुणा कळव्याची. तिची आई गोदा मिठागरात कामाला. सगुणा खाडीचा पूल ओलांडून चालत यायची.

सुकट तिलाच म्हणत. बाईंच्या कानावर आलं होतं. खेळता खेळता मुली एक होतील, असं बाईंना वाटलं.

*

नियम, जुना: पडेल ती बाद.

बाईंच्या आईच्या मंगळागौरीतही हाच होता. तो कुणी कधी तपासला नव्हता.

*

फुगडी रंगात आलेली असताना शीलाने हात सोडले. सगुणा भिंतीपर्यंत गेली. हनुवटी फुटली.

“फुगडी आहे ती, पडायचंच,” बाई म्हणाल्या. “सगुणा, बाद. बाजूला बस.”

सगुणा परकराचा घोळ हनुवटीला लावून बसली.

“वाळत घातली सुकट!” जया म्हणाली. सगळ्या हसल्या. शीला सर्वांत मोठ्याने.

*

दुसऱ्या दिवशी गोदा आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“बाय, मना सांगा. पोर पडली का पाडली?”

“खेळात होतं असं, गोदाबाई.”

“होतं ना. मंग दर खेपेला हिचंच कसं होतं? आज मी हितंच बसते. आज पडली, तर उद्यापासून नाय पाठवनार.”

सगुणा आईकडे बघत नव्हती. तिला यायचं होतं. लेझमीत ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि तसं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

आजवर कोण कोण पडलं ते बाई आठवू लागल्या. एकच नाव येत राहिलं. दर वेळी त्यांनी फरशीकडे पाहिलं होतं. हातांकडे नाही.

*

नियम, नवा: जिची जोडीदारीण पडेल, ती बाद. आणि बाद झालेली गौरीच्या कार्यक्रमात नाही.

“अहो बाई, असं कुठे असतं का?” जया.

“इथे असतं.”

“आमच्या आईला विचारा हवं तर—”

“विचारीन. तू आधी रांगेत उभी राहा. सगुणा, तुझी जोडी तू निवड.”

सगुणा म्हणाली, “शीला.”

कुणी हसलं नाही. काय होऊ शकतं ते मुलींना लगेच कळलं, बाईंना जरा उशिरा. सगुणाने नुसते हात ढिले सोडायचे. ती पडेल आणि शीला जाईल. सगुणालाही उद्यापासून आई पाठवणार नाही, पण शीला जाईल.

नियम मागे घ्यावा असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी घेतला नाही.

दोघींनी हातांची अढी घातली.

“घट्ट धर हं,” शीला पुटपुटली.

“मी नेहमीच धरते.”

फिरू लागल्या. पावलं जुळली, वेण्या उडाल्या, उंबऱ्यापाशी गोदा उठून उभी राहिली. आणि ऐन वेगात सगुणाची बोटं सैल झाली. बाईंनी ते या वेळी स्पष्ट पाहिलं. शीलाने ओरडून तिची मनगटं पकडली, नखं रुतेपर्यंत. सगुणाची बोटं क्षणभर तशीच उघडी राहिली. मग मिटली.

वेग उतरला. दोघी उभ्या होत्या.

“लागलं का गं?” शीलाने विचारलं.

सगुणाने हात सोडवून घेतले आणि लेझीम उचलायला गेली.

*

दुसऱ्या दिवशीही ती आली. दिवाणखान्यात सुकट हा शब्द बंद झाला. जिन्यात चालूच होता, फक्त हळू. मग प्रमोदिनीबाई वर्ग सुरू होण्याआधी जिन्यात उभ्या राहू लागल्या.

*

आषाढात, वर्गाच्या पहिल्या दिवशी, सगुणाला हाताला धरून आत आणलं होतं ते शीलाने.