पासष्ट इंची खोका

जरा थांबा, इतक्यात मला रद्दीत काढू नका. मी खोका बोलतोय, टीव्हीचा. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत ‘६५ इंच’ छापलंय, आणि एवढ्याच मजकुरावर मी एका मजल्यावरची दोन घरं हलवून सोडली.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात जन्मलो. ज्या टीव्हीसाठी मला कापलं, तो दुकानात पोचताच काचेमागे जाऊन बसला आणि मी गोदामात पडलो. त्याच्याकडे गिऱ्हाइकं टक लावून बघायची, माझ्यावर कामगार डबे ठेवून जेवायचे. खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात दुखायचं.

एकदा गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर बायकोबरोबर दुकानात आले. त्यांनी बत्तीस इंची टीव्ही घेतला आणि हळूच सेल्समनच्या कानाशी लागले, “हा त्या मोठ्या खोक्यात घालून देता का? वाटेत धक्के फार बसतात हो.”

बायकोने कपाळाला हात लावला. माझ्या पोटात कोपऱ्यात टीव्ही आणि बाकी सगळी रद्दी भरली गेली. एकटा हमाल मला सहज वर नेत होता, पण मास्तरांनी दुसराही लावला आणि प्रत्येक मजल्यावर ओरडले, “सांभाळून! वजन आहे!”

टीव्ही घरात गेला. मी दाराबाहेर राहिलो, आकडा जिन्याकडे करून. “घरात जागा कुठाय,” असं मास्तर सगळ्यांना सांगायचे आणि दार अर्धंच उघडायचे. वरच्या मजल्यावरची नर्स जाता-येता म्हणायची, “मजा आहे बाई लोकांची!” मी फुगून जायचो.

समोर एक काका-काकू राहायचे. काका पोस्टात कारकून, काकू घरी कपडे शिवायच्या. त्यांचं मशीन इतकं म्हातारं होतं की वीतभर शिवण झाली की दोरा तोडायचं. पाय मारून मारून काकूंचे गुडघे धरले होते. या वर्षी मोटरचं मशीन घ्यायचं, असं दोघांचं पक्कं ठरलं होतं.

मग काकांनी मला पाहिलं.

“मशीन चालतंय की अजून,” त्यांच्या उघड्या दारातून मला ऐकू आलं. “मास्तराकडे पासष्ट इंची, आणि आपण काय त्याच्या दाराकडे बघत बसायचं?”

काकू पायाने मशीन चालवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. ‘अहो काका, मी पोकळ आहे!’ असं ओरडावंसं वाटत होतं, पण खोक्याला तोंड असतं, आवाज नसतो.

रविवारी सकाळी काका काकूंचीच टेप घेऊन बाहेर आले. “धर गं ते टोक. आपला याच्याहून चार बोटं मोठा हवा.” काकू एका हाताने टेप धरून दुसऱ्या हाताने गुडघा चोळत होत्या. तेवढ्यात मास्तरांची बायको कचऱ्याचा डबा ठेवायला आली.

“काकू, मशीनचं काय झालं?”

“बघू गं, पुढच्या वर्षी.”

तिने एकदा काकूंच्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “काका, खोक्याचं माप काय घेताय? आत या, टीव्हीचंच घ्या.”

“अगं, पसारा आहे!” आतून मास्तर ओरडले.

“असू दे,” म्हणत तिने दार सताड उघडलं.

काका आत गेले, मागोमाग काकूही. काकांनी टीव्हीला टेप लावली, पुन्हा लावली. “हा धाकटा दिसतोय. मोठा कुठाय?”

मास्तरांचा चेहरा पडला. “मोठा... बाहेर आहे.”

“बाहेर तर खोका आहे.”

“तोच.”

काकू हसत हसत खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. काकांनी टेप गुंडाळली.

पुढच्याच आठवड्यात मशीन आलं. काकूंनी मला घरात घेतलं. आता माझ्यात कापडाचे तुकडे असतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर भरलेला आहे. मशीनचा खोका काकांनी दाराबाहेर मांडलाय, चित्राची बाजू जिन्याकडे करून. काल मास्तर त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

“अगं, आपणही एक मशीन घेऊ या का?”

“सुईत दोरा तरी ओवता येतो का तुम्हाला?”

“मोटरचं आहे ना, तेच ओवत असेल.”

म्हणून झाकणं जोडून विनवतो: कुणाच्या दारात मोठा खोका दिसला, तर जळण्याआधी एकदा उचलून बघा.