मुळावरची साल

नूरीनचा दात पडला तेव्हा सरफराज मानसिंगकाकांच्या पातेल्यावरून कापसाचा शेवटचा बोळा फिरवत होता. शिराळ्याच्या पेठेमागे त्याचे कल्हईचे दुकान होते. त्या दुकानाच्या पायरीवर उड्या मारता मारता त्याची नऊ वर्षांची पोर घसरली आणि तोंडावर आपटली. आवाज फारसा झाला नाही. ती उठून बसली तेव्हा हनुवटीवरून रक्त ओघळत होते आणि वरच्या दोन मोठ्या दातांपैकी एकाच्या जागी नुसती लाल खाच होती.

दात धुळीत पडला होता. अख्खा, मुळासकट.

"दुधाचाच आसंल," मानसिंगकाका म्हणाले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला हा माणूस कुणाच्याही रक्ताने गडबडत नसे.

"न्हाई काका. दोन वर्सं झाली येऊन. कायमचा हाय."

सरफराजने दात उचलला. मुळाला माती लागली होती आणि मातीखाली तांबूस, ओलसर, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ साल चिकटलेली होती. हे धंद्यातले त्याला लहानपणापासून ठाऊक होते : भांडे आधी मुळापासून घासून काढावे, तसूभर मळ राहिला तरी कथील धरत नाही. दात परत बसवतात हे त्याने ऐकले होते. मग तो धरायला हवा. त्याने चिमूटभर राख घेतली, नळाखाली बसला आणि अंगठ्याने हळूहळू, कुठेही घाई न करता, मूळ पांढरे होईपर्यंत घासले.

"गड्या, तुझ्या हाती दिलेलं काईबी काळं ऱ्हात न्हाई बग," काका म्हणाले आणि त्यांनी सांगलीला विश्रामबागेत फोन लावला. त्यांची पुतणी अंकिता तिथे लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती. काका तिचा शब्द न् शब्द मोठ्याने सांगत गेले. "दात दुधात घाला म्हंती. लगोलग निघा म्हंती. मुळाला हात लावायचा न्हाई म्हंती."

काकांनी सरफराजच्या तळहातावरचा चकचकीत दात पाहिला, मग त्याच्याकडे पाहिले आणि गाडीची किल्ली काढली.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या. नूरीन ओढणीचा बोळा तोंडात धरून त्याच्या मांडीवर रेलली होती. सरफराजच्या हातात दुधाची वाटी होती आणि त्याचे सारे लक्ष वाटी हिंदकळू नये यावर होते. भीती वाटायला हवी, असे त्याला वाटत होते. पण छातीत चाचपून पाहावे तर तिथे काहीच नव्हते. जणू त्याच्याऐवजी दुसराच कुणी सांगलीला निघाला होता.

दवाखान्यात पोहोचायला दीड तास लागला. डॉक्टर अंकितांनी दात चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हा धुतला होता का?"

"नुस्तं पानी मारलं, म्याडम," सरफराज म्हणाला.

नूरीनने तोंडातला बोळा काढला. "न्हाई वं, अब्बानी राख लावून घासला," ती अभिमानाने म्हणाली. "लय चकचकीत केला."

काकांनी भिंतीवरच्या दात घासण्याच्या चित्राकडे नजर वळवली.

"बरं झालं सांगितलंस बाळ," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून सरफराज अधिकच अवघडला. "भाऊ, ती साल मळ नव्हता. ती जिवंत असते. दाताला हाडात तीच धरून ठेवते. ती गेली, म्हणजे आता दात हाडालाच चिकटेल. ही वाढेल तसा तो आखूड दिसायला लागेल आणि हाड हळूहळू त्याचं मूळ खाईल. काही वर्षं टिकेल. पुढे ही मोठी झाल्यावर तिथे दुसरा दात करावा लागेल."

"मंग आता बसवायचा का न्हाई?"

"मी बसवीन. तोवर तिथली जागा आणि हाड राहतं. पण तुम्ही सांगा."

त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. अंगठा नेहमीसारखाच होता.

"बसवा," तो म्हणाला.

हिरडीत सुई गेली तेव्हा नूरीनने त्याचा हात करकचून दाबला. थोड्या वेळाने बोटे सैल पडली. "अब्बा, माझा वट हाय का?" तिने जड जिभेने विचारले. त्याने तिच्या ओठाला हात लावला. "हाय." तिला तो स्पर्श कळला नाही. मग दात आत गेला आणि बारीक तारेने शेजारच्या दातांना जोडला गेला. डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दहा दिवसांनी मुळाचे काम, चार आठवडे तार, समोरच्या दातांनी काही चावायचे नाही. सरफराज प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिला.

परतीच्या वाटेवर आष्टा मागे पडले, तेव्हा तिने विचारले, "आता धरला न्हवं पक्का?"

हो म्हणणे सोपे होते. काकांनी आरशातून त्याच्याकडे पाहिले.

"न्हाई," तो म्हणाला. "काई वर्सं ऱ्हाईल. मंग जाईल. मी राख लावली म्हनून."

नूरीनने विचार केला. "तुमाला ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"मंग म्याडमला खोटं कशापायी सांगितलं?"

गाडी एका ट्रॉलीच्या मागे बराच वेळ हळू चालली. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मध्ये रस्ता.

"भ्यालो," तो अखेर म्हणाला.

"त्यास्नी?"

"तुला."

नूरीनला याचे हसू आले असावे, पण सुजलेला ओठ हलला नाही. "मी काय केलं आसतं?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता डोळे मिटले. झोपेत तिचे तोंड किंचित उघडे राहिले. सरफराजने मान वळवली नाही. शिराळा येईपर्यंत तो त्या दाताकडे पाहत राहिला.